रूपाच्या वजनाची स्प्रिंग

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आधी पोरगी उतरली, मग गाडी. पोरीचा डावा हात गळ्यात बांधलेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. गावातल्या गोविंदाच्या पिकअपमधून पुण्याहून आमच्या मेडशीपर्यंत आली अन् सोबत ती रेसची गाडी, दोरखंडानं आवळलेली. क्वाड म्हणतात तिले. चार जाड चाकं, मोटारसायकलचं हँडल, धड ट्रॅक्टर नाही अन् धड फटफटी नाही.

दिवाळीआधीच्या शर्यतीत गाडी उंचवट्यावरून उडाली, खाली टेकली अन् मागून लाथ घातल्यासारखी उसळली. रूपा हँडलवरून पुढं!

तिची माय लिला दारातूनच ओरडली, "भंगारात घाला आधी ते धूड!"

मलेही तेच वाटलं होतं.

पोरगी जिवंत आहे. एवढं लिहितो अन् निजतो.

१३ नोव्हेंबर

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. स्प्रिंगचे पाटे, ब्रेक, सांध्यातले बुश. रिटायर झाल्याले दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडीचं म्हणून मले कोणी काही विचारलं नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर.

आज रूपा झोपलेली पाहून सहज वाकून पाह्यलं त्या धुडाखाली. मागं धक्का झेलणारा एकच शॉकअप, मधोमध. त्याच्या दांड्यावर तेल उतरलेलं. मागचं चाक हलवलं तर खटखट — बुश गेलेले. समोरचा एक बॉल जॉइंटही ढिला.

मागून आवाज आला, "काय पाहून राह्यले, बाबा?"

चोरी पकडली गेल्यासारखं झालं. म्हटलं, "काई नाही. एवढे बुश गेले अन् तू याच्यावर बसत होती?"

ती लाजली. इंजिनीअर पोट्टी लाजली!

१७ नोव्हेंबर

ठरलं. डोकं तिचं, हात माझे. तिले डाव्या हातानं चहाचा कपही उचलता येत नाही. जानेवारीत नागपूरजवळ शर्यत आहे म्हणे. त्या शर्यतीचं तिनं नाव काढलं अन् लिला उठून आत गेली.

मी लिलाले म्हटलं, "ती जाईनच. बिघडल्या गाडीवर जाण्यापेक्षा दुरुस्त गाडीवर जाऊ दे."

लिला म्हणे, "अन् तुमच्या हातची दुरुस्त गाडी पडली तर?"

मी पाने शोधायले कोठीत गेलो.

१९ नोव्हेंबर

शॉकअप काढला. झाकण खोलायले पाना लावला तर रूपा केवढ्यानं ओरडली — "बाबा! आधी गॅस सोडा!" आत दाबून भरलेला गॅस असतो. तसाच खोलला असता तर झाकण सरळ तोंडावर.

आमच्या बसच्या पाट्यात कायचा गॅस? एकतीस वर्षांचा माज एका मिनिटात उतरला. बरं झालं. पोरीपासून शिकायले मिळते, हे काय कमी आहे.

२२ नोव्हेंबर

अकोल्याले बाबूलालकडे जाऊन आलो. शॉकअपचा जुना कारागीर, माझ्याहून दोन वर्षं मोठा. त्यानं सील बदलले, तेल भरलं, गॅस भरून देला. वर मले बाजूले बसवून एकेक वाशर कुठं जाते ते दाखवलं. "देख लो माणिकराव, अगली बार खुद करना." कारागीर माणूस आपली विद्या अशी कोणाले दाखवत नाही. परतीच्या बसमध्ये शॉकअप मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणे, "तिकीट लावू का याचं?"

२४ नोव्हेंबर

आज खरी गोम सापडली.

रूपा म्हणे, गाडी रिकामी मोजा, मग मी बसल्यावर मोजा. माणूस बसल्यावर गाडी किती दबते, त्यावर सगळं असते. कमी दबली तर खड्ड्यात चाक खाली जात नाही, जमीन सोडते. फार दबली तर खाली आपटते. माप धरायले तिसरा माणूस पाह्यजे. लिला शिवणाचा टेप घेऊन आली! तोंड फुगवलेलं, पण आली. अन् माझ्यापेक्षा बरोबर वाचते.

रूपा बसली. गाडी जेमतेम बोटभर दबली. चकती फिरवून स्प्रिंग पार ढिली केली तरी तेच.

आधीचा मालक नव्वद किलोचा पहिलवान होता म्हणे. स्प्रिंग त्याच्या वजनाची. माझी पोरगी बावन्न किलो. गाडी वाईट नव्हती, ती दुसऱ्याच माणसासाठी बनवलेली होती! वर शॉकअपचं तेल गेलेलं, म्हणून ताठ स्प्रिंग उसळी मारायची अन् तिले आवरणारं कोणी नव्हतं.

लिलानं टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मंग तिच्या वजनाची स्प्रिंग कुठं भेटते?"

३ डिसेंबर

आमच्या तालुक्याच्या मालेगावच्या भंगारात तीन दिवस घातले. अपघातातल्या एका मोटारसायकलची मागची स्प्रिंग भेटली. जाडीनं कमी, घेर जवळपास तोच. खाली नीट बसत नव्हती म्हणून लेथवर एक कडी कातून घेतली. बुश नवे, बॉल जॉइंट नवा, सगळीकडे ग्रीस.

कपड्याले ग्रीसचा वास. दोन वर्षांनी.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो तिघंही. गाडीले हात लावला नाही.

१५ डिसेंबर, रविवार

डॉक्टरनं परवा एक्स-रेचा फोटो पाहून हाड जुळलं सांगतलं. आज सोयाबीन काढलेल्या वावरात मातीचा उंचवटा केला.

मी म्हटलं, आधी मी चालवतो. हेल्मेट घातलं, बसलोही. रूपा हसत सुटली. "बाबा, तुमी अठ्ठ्याहत्तर किलो. ही स्प्रिंग माझ्या वजनाची. तुमी नाही पडले तरी मी पडू शकते, अन् तुमी पडले तरी मी नाही पडणार!"

म्हणजे मले तिच्याआधी मरायचीही सोय नाही!

खाली उतरलो. रूपा बसली. तुरीच्या कडेले उभा राह्यलो. लिला माझ्या बाजूले. गाडी उडाली. टेकली. पुन्हा थोडी उसळली, पण वाकडी! रूपा सावरली कशीबशी.

थांबवलंच मी. म्हटलं, बस झालं, मले जमलं नाही. घेऊन जाऊ घरी. तिनं हेल्मेट काढून शांतपणे विचारलं, "डेपोत बस एका बाजूले ओढत होती तर तुमी काय करत होते? बस विकत होते का?"

बसलो मग जमिनीवर. पाह्यलं. समोरच्या दोन स्प्रिंगांच्या चकत्या सारख्या नव्हत्या. उजवी दोन आटे जास्त. माझीच चूक. सारख्या केल्या. मागच्या शॉकअपचा खालचा बारीक स्क्रूही थोडा आवळला, म्हणजे दबल्यावर तो सावकाश परतते.

पुन्हा गेली. उडाली, टेकली — अन् मांजर उडी मारून बसते तशी बसली. जागच्या जागी.

लिलानं माझा दंड किती जोरानं धरला होता, ते घरी सदरा काढल्यावर कळलं.

२९ डिसेंबर

पंधरा दिवस रोज हेच. चालवल्यावर धुणं, ग्रीस, नट तपासणं, माप घेऊन वहीत लिहिणं. काम संपलं तरी आम्ही दोघं तिथंच बसतो. पुण्याच्या खोलीत एकटं वाटते म्हणाली आज. पाच वर्षांत हे मले कधी सांगतलं नव्हतं. मीही कुठं विचारलं होतं?

मोडल्या हाडाचे आभार मानू नये बापानं. पण देव न मानणारा मी, आज कोणाचे तरी आभार मानावे वाटून राह्यले. बाबूलालचे मानतो. त्या भंगारवाल्याचे मानतो. लिलाच्या टेपचे मानतो.

१९ जानेवारी २०२५, रविवार

नागपूर. धूळच धूळ.

पहिल्या उडीले डोळे मिटले. लिलानं नाही मिटले. तीच सांगत होती — "टेकली. टेकली! अजून टेकली!"

चौदा गाड्यांत सहावी. एकदाही पडली नाही.

उतरून आधी आईकडे गेली. मग माझ्याकडे आली अन् काळे झालेले माझे हात दोन्ही हातांत घेतले. दोन्ही हातांत.

२० जानेवारी

रूपा पुण्याले गेली. गाडीही गेली. ओसरी मोठी दिसते.

२३ जानेवारी

सकाळी अनोळखी फोन. वर्षाराणी म्हणून पोट्टी, रविवारच्या शर्यतीत तिसरी आली ती. "काका, रूपाच्या गाडीचं सस्पेन्शन तुमी केलं ना? आमी चौघी मिळून टीम करून राह्यलो. मेकॅनिक पाह्यजे. फेब्रुवारीपासून, पूर्ण सीझन. गोवा, कोइम्बतूर, सगळीकडे. याल का?"

बासष्ट वर्षांचा माणूस. "विचार करून सांगतो" म्हणायले तोंड उघडलं — अन् "हो" निघालं.

लिलाले अजून सांगतलं नाही.