झटका द्यायचा नाही

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. "आई, या वीकेंडला नक्की!" सौमित्र बुटाच्या नाड्या बांधताना म्हणाला — माझ्याकडे न बघता. डबा उचलला, गेला. सून चैत्राली त्याच्याही आधी गेलेली. दार लागलं की हे घर इतकं गप्प होतं, की फ्रिज कुरकुरला तरी मी दचकते. उभा जन्म कॉलेजच्या लायब्ररीत "शांतता राखा" ओरडण्यात गेला. घ्या आता शांतता!

एप्रिलमध्ये माझं परतीचं विमान. त्याच्या आत मुलाने एकदा, एकदाच, माझ्याशेजारी निवांत बसावं. इथे अमेरिकेत, चँडलरला येऊन आणखी काही मागितलेलं नाही. मोतीबिंदू दाखवायला नेणार होता, तेही "पुढच्या महिन्यात बघू."

गॅरेज आवरताना मासे पकडायची काठी सापडली. नवीकोरी, रबरी अळ्यांच्या पाकिटासकट. खोक्यावर चित्र दोन काठ्यांचं, आत एकच. सुनेला विचारलं, तर म्हणे, "दुसरी त्याने ऑफिसात कुणाला तरी दिली वाटतं." दिली! ऑफिसला काठीसुद्धा मिळते. आईला दहा मिनिटं नाहीत.

५ मार्च

फोनवर एका दाढीवाल्याचे व्हिडिओ बघितले. बास नावाचा मासा असतो. ज्या तळ्यात रोज दहा जण गळ टाकतात तिथले बास शहाणे होतात, कशालाच तोंड लावत नाहीत. त्यांच्यासाठी ही "ड्रॉप शॉट" पद्धत. शिशाचं वजन दोरीच्या अगदी टोकाला, गळ त्याच्या हातभर वर. शिसं तळाला टेकून राहतं, अळी वर अधांतरी. काठीचं टोक नुसतं थरथरवायचं. अळी नाचली पाहिजे, शिसं हलता कामा नये.

दाढीवाला बोलतो फार. पण समजावतो बरा.

६ मार्च

सोसायटीच्या तळ्यावर गेले. पलीकडच्या काठावर एकजण गळ टाकून बसलेला — टोपी, गॉगल, नाकापर्यंत फडकं. इथे उन्हासाठी सगळेच असे दरोडेखोरासारखे फिरतात. मी हात केला. तर तो चक्क उठला, दोरी गुंडाळली आणि चालता झाला!

साडी दिसली वाटतं. एवढं वावडं?

मासा — नाही.

८ मार्च, शनिवार

"आई, सॉरी, डोकं खूप दुखतंय." दिवसभर खोलीत पडून. मी आपली एकटीच तळ्यावर. आज तो पलीकडचाही नव्हता.

११ मार्च

लागला होता! दोरीला नुसतं जडपण आलं, ओल्या फडक्यासारखं. मी दिला जोरात झटका — आणि गेला! दाढीवाल्याने शंभरदा सांगितलंय, झटका द्यायचा नाही. जड वाटलं की हळूहळू गुंडाळायला लागायचं, तो आपोआप येतो. पण हळूहळू हे माझ्या स्वभावातच नाही. आमचे हे गंमतीने म्हणायचे, "तू प्रश्न विचारत नाहीस, उलटतपासणी घेतेस."

परतताना शुभा भेटली. सौमित्रच्याच कंपनीत आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. "मावशी, फिशिंग? हाऊ क्यूट!"

क्यूट! मांजरीचं पिल्लू आहे का मी?

म्हटलं, "अगं, तुमच्या ऑफिसात माणसांना घरी सोडतात की नाही? माझा मुलगा दिसतच नाही मला." तिचा चेहरा कसासाच झाला. "मावशी, मला ना, एक कॉल आहे…" म्हणून पळाली. हल्ली मला बघून सगळेच पळतात.

१३ मार्च

पकडला. खरंच पकडला! हिरवट, जबडा हा एवढा. झटका दिला नाही. मग सोडून दिला, कारण सोसायटीचा नियम — पकडा आणि परत पाण्यात सोडा. माहेरी अलिबागला हे सांगितलं असतं तर कुणीतरी डॉक्टर बोलावला असता.

सांगायला इकडेतिकडे बघितलं. पलीकडचा उठून उभा होता, दोन्ही हात वर केलेले. टाळ्या वाजवत होता की काय? मी बघतेय म्हटल्यावर वळला आणि गेला. विक्षिप्त!

रात्री सौमित्रला सांगितलं. "मोठा होता गं?" एवढंच म्हणाला. पण हसला. कितीतरी दिवसांनी.

१७ मार्च, सोमवार

आज ठरवलं, त्या माणसाला तोंडावर विचारायचं. पूर्ण तळ्याला वळसा घालून गेले. पोचेपर्यंत हा पसार! झुडपात त्याची तुटलेली दोरी अडकलेली, गळासकट. कचरा करून जातात वर! उचलली आणि डोळ्यांजवळ धरली.

गाठ बघितली.

दोरी दुहेरी करून ओवायची, गाठ मारायची, हे सगळेच करतात. पण वर शेपटी उलटी ओवून आणखी एक बारीक फास — हे शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर फिलोमिनांनी मला शिकवलं. टाका उसवला की हातावर पट्टी बसायची. सासरी कुणाला ही गाठ येत नव्हती, दाढीवाल्यालाही येत नाही. मी ती फक्त एका माणसाला शिकवली, तो बालवाडीत असताना, बुटाच्या नाड्यांसाठी.

तिथेच खाली बसले.

रात्री जेवताना "काय रे, ऑफिसात काय विशेष?" विचारलं. "काही नाही गं, मीटिंग्ज." माझ्या जिभेवर काय काय आलं! एकेक वाक्य धार लावलेलं. सगळं गिळलं आणि म्हटलं, "आमटी घे अजून."

१८ मार्च

सकाळी तो आंघोळीला गेला तशी मी निघाले. पलीकडच्या काठावर, त्याच्या जागेवर जाऊन बसले. गळ टाकला, रस्त्याकडे पाठ. पावलं आली, थांबली. मी वळले नाही. काठीचं टोक तेवढं थरथरवत राहिले.

खूप वेळाने तो शेजारी येऊन बसला. "जानेवारीपासून नोकरी नाही, आई. चैत्रालीला पण माहीत नाही."

त्याच्या मांडीवर मी सकाळी भरून ठेवलेला डबा होता. तो उघडला आणि पहिला घास त्याला भरवला.