भाच्याच्या चड्डीला चिखल नाही

ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल. माझा रक्तदाब वर आहे, आणि तो चढवणारी माझीच थोरली लेक. तिने पगारी फुटबॉलवाल्यांचा अख्खा संघ विकत घेतला, हे तुझ्या पोराने सांगितलंच असेल, कारण तो त्याच संघात खेळतो. (मामेबहीण मालकीण झाली म्हणून तू हुरळली असशील. थांब जरा.)

अकरा वर्षं या संघाचे कपडे आमच्याच लाँड्रीत धुतले जातात. थोरलीला फुटबॉलमधलं कळतं ते एवढंच. वार्ताहरांनी विचारलं, "खेळाचा अभ्यास कशावर केलात?" तर म्हणाली, "डागांवर." मला तोंड कुठे लपवू असं झालं. प्रशिक्षक बिचारा फळ्यावर बाण काढून डावपेच समजावतो, आणि ही त्याच्यापुढे चड्ड्या पसरते. "याचे गुडघे बघा, हा झुंजतो. याची नुसती पाठ मळते, हा पडून ओरडतो." कप्तानाला तिने बाकावर बसवलं, का, तर काखेत घाम नाही! त्यानंतर दोन सामने जिंकले, त्यामुळे तिला बोलायचीही सोय उरली नाही.

आता शनिवारी पुढच्या वर्षीची यादी लागणार. प्रत्येकाचं गाठोडं दर सोमवारी घरून येतं. तुझ्या पोराचं मी उघडून बघितलं. कपडे असे, की घडी घालून थेट गिऱ्हाइकाला द्यावेत! भाचा घरी बसला तर तू मला जन्मभर ऐकवशील, म्हणून या वयात मागच्या दारी जाऊन त्याची चड्डी कुंडीतल्या चिखलात घोळवली. थोरलीने ती नुसती नाकाशी धरली. "बाबा, यात शेणखत आहे. मैदानावर आम्ही गुलाब लावत नाही." तेही इस्त्रीवाल्या चौघी बायकांसमोर! मशीनच्या खोलीत मला आता बंदी आहे.

तुझा त्रासलेला भाऊ

ता. क. : पोराला शनिवारच्या आत मैदानावर दोनदा तरी पडायला सांग. फार लागणार नाही असं पडावं.

आणखी ता. क. : पडायचं राहू दे. थोरलीने पत्र वाचलं (या घरात माझं खासगी काही नाही) आणि हसत सुटली. "अहो बाबा, आत्या आधी हाताने घासून मग पाठवते. शिवणी झिजल्यात, दिसत नाही का तुम्हाला?" पोराचं नाव यादीत आधीपासूनच आहे म्हणे. मालकिणीकडे मळके कपडे कसे पाठवायचे, ही तुझी लाज मला कळते गं, पण लाँड्री आहे ती! आणि तुझ्याइतकं निर्मळ आमच्या मशीनमधूनही निघत नाही, तेव्हा आत्या येते का कामावर देखरेखीला, असं ती विचारतेय. नाही म्हण, ताई. एक मालकीण मला पुरे आहे.