ॲटम साळिंदराची वाटणी

मी, ऑटो प्रुख्निक, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा चित्रांना शाई करणे (सध्या बंद), राहणार वॉटरबरी, कनेक्टिकट, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि आजचा पहिला पेला अजून भरायचा आहे. यापूर्वीची माझी तीन मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करतो. त्यांत मी लोकांशी उगाच चांगला वागलो होतो.

कलम १. राहते घर, परसातल्या गॅरेजसह, माझ्या बहिणीचा मुलगा ड्वेन यास. तो दर थँक्सगिव्हिंगला येतो, टर्की चावत भिंती ठोकून बघतो आणि विचारतो, "मामा, तब्येत काय म्हणते?" छप्पर कुठे गळते हे मी त्याला सांगितलेले नाही. पहिल्या हिवाळ्यात कळेल.

कलम २. बँकेत जे असेल ते, माझ्या दफनाचा खर्च वजा जाता, आमच्या गल्लीतल्या चर्चला. १९५४ साली यांच्याच पाद्रीबुवांनी शाळेच्या अंगणात पोरांकडून आमची चित्रमासिके जाळून घेतली होती. चर्चने या पैशातून एक चांगली भट्टी घ्यावी. तेव्हा आमचे अंक नीट जळले नव्हते, नुसता धूर झाला.

कलम ३. तीन ब्रश, निबांचा डबा, दौत आणि खोडरबर माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावेत. ते वापरता येणारे आता फारसे कोणी उरलेले नाही, आणि जे आहेत त्यांना मी ते देणार नाही.

कलम ४. इथे थोडे लांबण लागेल.

१९४६ ते १९५५ ही नऊ वर्षे मी आणि लाईल आमुंडसन न्यूयॉर्कच्या एका कोंदट माळ्यावर समोरासमोर टेबले लावून ‘ॲटम साळिंदर’ हे मुलांचे मासिक काढत होतो. युरेनियम लागलेली पाइनची साल खाऊन अंगात दहा रणगाड्यांचे बळ येणारे, लाल झग्यातले साळिंदर. लाईल पेन्सिलीने चित्र काढी, मी त्यावर शाई करी, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून टाकी. धंद्याची रीतच ती. खोडल्यावर खाली काय होते ते कोणाला कळत नाही.

लाईल एकेका साळिंदराला साठ-साठ काटे काढायचा. ते सगळे शाईत घेता घेता माझे मनगट रात्रभर ठणके. मी म्हणायचो, "अरे, वीस काढ की! पोरं काय काटे मोजत बसणारेत?"

"मोजतात रे, ऑटो. पत्रं येतात ना त्यांची."

दर अंकाच्या शेवटच्या चौकटीत, गवताच्या पात्यांत, तो बारीक अक्षरांत स्वतःचे नाव काढून ठेवी. मासिकावर फक्त मालकाचे नाव छापले जाई, म्हणून ही त्याची चोरटी हौस. "एवढं शाईत घे ना बाबा, कोणाला दिसणारसुद्धा नाही." मी "घेतो" म्हणायचो. नऊ वर्षांत एकदाही घेतले नाही. रबर फिरवायचा, फुंकर मारायची, झाले. छापील अंक आला की तो खिडकीपाशी जाऊन गवत न्याहाळी आणि मग पुढचे पान ओढून घेई. त्याने मला एकदाही शिवी दिली नाही, हे मी त्याला माफ केलेले नाही.

मालक देई त्या चेकच्या मागे, वटवताना सही करायची त्या जागेवर, एक बारीक ठसा असे: खाली सही करणारा या चित्रांवरचा सगळा हक्क मालकाला देत आहे. मी तो पहिल्याच आठवड्यात वाचला होता. लाईल ठशाखाली सही ठोकून दूध आणायला पळे. मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितले नाही. पुढे मालकाचा धंदा बुडाला, तेव्हा तो हक्क मी त्याच्याकडून पत्त्यांच्या एका डावात जिंकला.

धंदा बुडवला लाईलनेच. १९५५ च्या मे महिन्यात युटाहमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे पत्र आले. डोंगरापलीकडे चाचणीचा अणुबाँब फुटला की आमच्या अंगणात पांढरी राख पडते, मी ती रोज चमचाभर खाते, मला साळिंदरासारखी ताकद कधी येईल? लाईलने ते तीनदा वाचले आणि डोक्यावर टोपी चढवली.

मी म्हटले, "एका येड्या पोरीनं राख खाल्ली म्हणून तू चालू धंदा बंद पाडणार?"

"ती राख मीच वाढलीय तिला, ऑटो."

एवढे बोलून तो गेला तो गेलाच. दुसऱ्या कोणाला ते काटे जमेनात, दोन महिन्यांत मासिक बसले. त्यानंतर बावीस वर्षे मी किराणा दुकानांच्या काचांवर डुकराच्या मटणाचे भाव रंगवले. याची किंमत कोणीतरी चुकती करायला हवीच होती.

हल्ली तेव्हा आमचे अंक वाचणारी तीच पोरे, आता टकली झालेली, हॉटेलांत मेळावे भरवतात. मला खुर्ची देतात, पुढ्यात ‘साळिंदराचे जनक’ अशी पाटी लावतात. मी सह्या देतो. लाज वाटते. पण ती मला नव्या बुटाइतकीच चावते. चार दिवसांनी सवय होते.

मार्चमध्ये लाईलची मुलगी मार्लिस आली. लाईल वृद्धाश्रमात आहे, उठवत नाही.

"ऑटोकाका, फक्त दोन ओळी लिहून द्या. बाबा नर्सना सांगतात, साळिंदर माझं आहे. त्या म्हणतात, हो हो आजोबा, आणि चंद्र माझा. हसतात हो त्यांना!"

"देईन की लिहून. मी मेल्यावर."

"डॉक्टर म्हणतात, ख्रिसमस काही बघायचे नाहीत ते."

"मग त्याला सांग, जरा दम धर."

ती रडली. मी तिला कोरी कॉफी दिली.

कलम ५. ॲटम साळिंदराची माझ्याकडे उरलेली मूळ चौदा पाने आणि त्यावरचा सगळा हक्क लाईलची मुलगी मार्लिस आमुंडसन हिला.

कलम ६. वरीलपैकी जे कोणाला पोचणार नाही ते ड्वेनला. तो ती पाने गाडीखाली तेल टिपायला अंथरेल, याची मला खात्री आहे.

कलम ७. माझे वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते. साक्षीदाराने मजकूर वाचावा असे कायद्याचे म्हणणे नाही. म्हणून आज मार्लिसला बोलावून घेतले. ती स्वयंपाकघरात अंगातला कोटही न काढता बसली आहे. मघाशी विचारत होती, "काका, मी सही केली तर ते तुम्ही लिहून द्याल ना?" मी म्हटले, "ते लिहिलेलंच आहे, पोरी." यात खोटे काही नाही. पुढचे कलम मी याच पानावर आधीच लिहून ठेवले आहे. त्यावर मी टीपकागद धरणार आहे. सह्या झाल्या की पाकीट बंद होऊन वकिलांच्या तिजोरीत जाईल आणि माझ्या मरणानंतरच फुटेल. माझे हृदय, डॉक्टर म्हणतात, घोड्याचे आहे.

कलम ८. मी देवाला स्मरून लिहितो की ॲटम साळिंदर लाईल आमुंडसनने निर्माण केले. त्याचा काटा न् काटा लाईलचा आहे.

स्थळ: वॉटरबरी, कनेक्टिकट
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६

(सही) ऑटो प्रुख्निक

वरील सही आमच्यासमोर, राजीखुशीने झाली. साक्षीदार:

१. हॅरिस डुबॉइस, औषधविक्रेता, वॉटरबरी

२. मार्लिस आमुंडसन, वॉटरबरी. मजकूर वाचलेला नाही.