जुळी नाणी आणि हललेली नाणी

तीर्थरूप दाजींना सादर नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा ताईचं ऐकू लागला असेल अशी आशा आहे (तुम्ही तर कधी ऐकलं नाहीत). तुम्ही जाताना नाण्यांचा डबा माझ्या हवाली करून बजावलं होतं की, "अक्षरं दुहेरी दिसणाऱ्यांतली हललेली काढून टाक, जुळी जप." मी पंधरा दिवस भिंग डोळ्याला लावून बसलो. ज्यांची अक्षरं ठसठशीत दुहेरी दिसली ती चाळीस कापसात ठेवली. ज्यांच्या अक्षरांना टोकाशी नुसती बारीक खाच होती ती आठ टाकाऊ ठरवून दवाखान्यातल्या वजनाच्या यंत्रात टाकली. सात वेळा माझं वजन झालं (दर वेळी तेवढंच, यंत्र प्रामाणिक आहे), आठवं नाणं मात्र यंत्राने परत फेकलं.

मग चाळीस नाणी घेऊन मिरवायला गेलो शिक्के कोरणाऱ्या बाईंकडे. बाई पूर्वी टांकसाळीत साचे बनवत. त्यांनी एकेक पाहून बाजूला सारलं. म्हणाल्या, "ही सगळी हललेली, ढिल्या साच्याचा खेळ. नाणं ठोकल्यावर साचा सरकतो आणि उठलेलं अक्षर दाबून टाकतो. बघा, कड पायरीसारखी सपाट, अक्षर उलट बारीक झालंय. जुळं अक्षर जन्मतःच जुळं असतं. साचा घडवतानाच ठसा दोनदा दाबतात, दुसऱ्यांदा केसभर फिरला की त्या साच्याचं प्रत्येक नाणं तसंच. दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव, आणि टोकाला खाच."

खाच म्हणताच मला यंत्रात टाकलेली नाणी आठवली. खिशातलं आठवं नाणं पुढे केलं. बाईंनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाल्या, "हा ठसा मी दाबलाय. ह्या चुकीपायी महिनाभर घरी बसवलं होतं मला. त्या साच्याची सगळी नाणी वितळवली म्हणाले होते साहेब."

दाजी, मी आतापर्यंत नाण्यात फक्त नाणं पाहत होतो. एका बाईचा हात क्षणभर हलला, आणि तो क्षण इतकी वर्षं खिशाखिशांतून फिरून तिच्याच टेबलावर आला! बाई रडतील असं वाटलं, पण त्या चक्क हसत सुटल्या.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. वीस वर्षं तुम्ही जे शोधत होतात ते हेच, हे मला ठाऊक आहे. तरी ते बाईंकडे राहू द्यावं, ही विनंती.

ता. क. २. परवानगी मागच्या तारखेची द्यावी, कारण नाणं कालच देऊन बसलो. ती सात माझ्या अडाणीपणाने गेली, त्याबद्दल काय वाटेल ते बोला. आठवं बाईंना देताना मात्र माझा हात हलला नव्हता.