आठ पायांचा जातीचा दाखला

देवणी, शनिवार

अहो,

मी इथे सुखरूप आहे. जिथे उतरलेय त्या घरच्या तुळजाबाई दोन्ही वेळा गरम भाकरी वाढतात, गुडघाही बरा आहे. तुम्ही नीट जेवता, की डाळ करपवता? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.

नदीच्या खडकाळ वळणावर मला सापडलेला तो स्पायडर, पाण्यावर धावून मासोळी धरणारा. वर-खाली चार कोस फिरले, दुसरीकडे कुठेच नाही. तिथेच नदीचं खोलीकरण होणार, त्याचं घर वाचवा म्हणून मी तहसील कार्यालयाला अर्ज लिहिला. ‘कॉन्व्हेंटवालीचं मराठी!’ म्हणत तुम्ही ‘स्पायडर’ खोडून ‘कोळी’ केलंत.

कार्यालयाचं उत्तर आलं: ‘सदर कोळी कुटुंबांचे पुनर्वसन करण्यात येईल. जातीचे दाखले जोडावेत.’ अहो, मी फोटो जोडला होता! आठही पाय दिसत होते! साहेबांना भेटले, तर म्हणतात, “मॅडम, उत्तर गेलं, विषय संपला.” हे शिकलेले!

तुळजाबाई म्हणाल्या, “बाई, दाखल्याबिगर हितं माणसाचं काम हुईना, किड्याचं कशाला हुईल?”

पुढच्या सोमवारी पोकलेन येतंय. मी त्या खडकावर जाऊन बसणार आहे, बीपीची गोळी घेऊनच. पोलिसांनी मला उचललं, तर ठाण्यावर धावत येऊ नका. आधी नदीवर जा आणि मशीनपुढे उभे राहा.

तुमचीच, पण रागावलेली,
कुमुद