लव्हाळ्याच्या सरळ ओळी

१२ फेब्रुवारी
या दोन हातांनी केलेलं : नदीकाठचा बांध. पंपाची खोली, पायापासून छपरापर्यंत. हे घर. घराची तीन दारं — एकही कुरकुरत नाही. शिकवलं कुणी नाही. मोजायचं, चुकलं तर मोडायचं, पुन्हा करायचं.

आज बांध फोडला. मीच! वीस वर्षं बाहेर थोपवलेलं पाणी दुपारपर्यंत शेतभर. पलीकडचा म्हशीवाला ओरडला, "काय शेठ, आता घरपण बुडवणार का?" पीक येईनासं झालंच होतं. जमीन निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेला दिली. तिथे पुन्हा रान होऊ द्यायचं, आपलं आपण. "तुम्ही फक्त काही करू नका, काका," संस्थेच्या बाई म्हणाल्या.

हे काय काम झालं?

१५ फेब्रुवारी
ही लेकीकडे गेली त्याला दोन महिने झाले. चहा अजून दोघांचाच होतो. फोन मी केला नाही. तिनेही नाही.

९ मार्च
नुसता चिखल! बघवेना. नदीच्या वरच्या अंगाहून लव्हाळ्याचे गड्डे आणले, सुतळी धरून वीत-वीत अंतरावर लावले. कंबर गेली. पण ओळ बघावी!

१७ मार्च
बाई आल्या. ओळी पाहून त्यांना हसू आवरेना. "काका, हे रान आहे की कवायत?"

म्हटलं, एक तरी रोप रेषेबाहेर दाखवा.

"तेच तर!" मग समजावून सांगितलं — पाणी स्वतः बी घेऊन येतं, त्याला जागा मोकळी सोडायची.

"उपटू मग?"

"नका! आता त्यालाही हात लावू नका."

दिवसभर हात खिशात.

२ एप्रिल
शेवटी हिला फोन केला. लव्हाळ्याचा किस्सा सांगितला. वाटलं, हसेल. "अहो, तुम्ही कुठली गोष्ट तशीच राहू दिलीत? मी चादरीची घडी घातली की तुम्ही उलगडून पुन्हा घालायचात. तीस वर्षं. माणूस थकतं हो."

कडा जुळत नव्हत्या म्हणून! — हे बोललो नाही. इथे लिहितो. कडा खरंच जुळत नव्हत्या.

२० जून
माझ्या ओळी पिवळ्या पडल्या. सगळ्या.

११ ऑगस्ट
पंपाच्या खोलीमागे मी फिरकलोच नव्हतो. तिथे कमरेएवढं गवत! वाकडंतिकडं, कसलं कसलं, निम्म्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यात पाणकोंबडी, आणि तिच्यामागे पिल्लं — काळे काळे गोळे.

"अगं, हे बघ—" तोंडातून निघून गेलं. मोठ्याने. पाणकोंबडी गवतात दडली. मागे वळून पाहिलं. कोण असणार?

३० ऑगस्ट
फोनवर पिल्लांचं सांगितलं. हिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "या ना इकडेच. फक्त इथे काही दुरुस्त करायला घेऊ नका."

म्हटलं, लेकीच्या मोरीतला नळ गळतो.

"गळू द्या."

६ सप्टेंबर
संस्थेचे मोठे साहेब स्वतः आले. म्हणाले, याच घरात कायमचं राहायचं, रान राखायचं, दारावर संस्थेची पाटी — माझं नाव आणि खाली 'तज्ज्ञ'. हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. नको म्हणालो, हिच्याकडे जायचंय. महिना बत्तीस हजार देत होते.