मागची रिकामी कयाक

ता. ४, शनिवार
वजनकाटे तपासायच्या नोकरीवर रुजू झाले. खोली हवेशीर, खिडकीतून समुद्र दिसतो. घरमालक मेकॅनिक आहे. त्याची बायको पहिल्याच दिवशी मला ‘अगं’ म्हणायला लागली, म्हणून मी तिला वहिनी म्हणते. त्यांचा मित्र दंतवैद्य. त्याने जिन्यातच, मी न विचारता, माझी अक्कलदाढ काढायला हवी असं सांगितलं. उद्या तिघं मला कयाकमधून, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्यांतून, मासे धरायला नेणार आहेत. अक्कल बेताची, पण माणसं हौशी.

ता. ५, रविवार
चौघांच्या चार कयाक आणि मागे दोराने बांधलेली पाचवी, रिकामी. तिच्यात उशीसुद्धा. वहिनी म्हणाली, समुद्रात कुणाला बसावंसं वाटलं तर जागा नको का? पदवीधर दंतवैद्याने मान डोलावली. मी हसले. मेकॅनिक म्हणाला, हसून घे, पण तिला सोडू नकोस.

मी नवखी, म्हणून ती माझ्याच मागे बांधली. त्यांची गाठ म्हणजे नुसता गुंता. एका ओढीत सुटणारी गाठ मी शिकवली. तिघं शाळकरी पोरांसारखी शिकली.

मासे बरे मिळाले. परतताना वारा समोरून आला. ओझं ओढून दंड भरून आले. असल्या खुळापायी मी का मरू? दोराचं टोक ओढलं. रिकामी कयाक मागे राहिली.

माझी मात्र हलकी झाली नाही. उलट जड झाली. प्रवाह असणार.

किनाऱ्यावर वहिनीने पाचवी कयाक नाही हे पाहिलं. कुणी रागावलं नाही. एवढंच, की माझी कयाक मागून उचलायला कुणी पुढे आलं नाही, आणि गाडीत मागची अख्खी सीट मला मिळाली.

ता. ६, सोमवार
काटा तपासताना सहज वर उभी राहिले. दुप्पट वजन. प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर. शिपायाला उभं केलं, त्याचं वजन त्याचंच. पुन्हा मी. दुप्पट.
काट्याचं काहीतरी चुकतंय. काय, ते उद्या शोधते.

ता. ७, मंगळवार
काट्याचं काही चुकत नाही.
गादी माझ्या शेजारी खचलेली असते. ओली. वहिनीने चहाचे दोन कप आणले. मी एकटीच आहे, म्हटलं. ती म्हणाली, हो गं, माहीत आहे. दुसरा कप नेला नाही. मूर्ख बाई.

ता. ९, गुरुवार
गाव सोडायचं ठरवलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, डिकीत दगड भरलेत का? मग आरशात पाहिलं. भाडं न घेता मला उतरवलं.
जिन्यात माझ्यामागून प्रत्येक पायरी पुन्हा वाजते.

ता. ११, शनिवार
तिप्पट. श्वास पुरत नाही. वहिनीच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. ती म्हणाली, उपाय सोपा आहे. जिथे तो तुझ्या कयाकमध्ये चढून बसला तिथेच त्याला रिकामी कयाक दाखवायची, तो उठून जाईल. खुळ्यांचं ऐकायची वेळ आली माझ्यावर.

ता. १२, रविवार
समुद्रात. वही मांडीवर. एवढं वजन तुला वल्हवता येणार नाही, आम्हीच ओढून नेतो, म्हणाले. वल्हं किनाऱ्यावरच. माझी कयाक मेकॅनिकच्या मागे बांधलेली. मागच्या टोकाची कड पाण्याला टेकलीय.

विचारलं, रिकामी कुठाय? कुणी वळलं नाही —

मोजल्या. चारच —

माझ्या पाठीला उशी. कुणी ठेवली —

वहिनी रडतेय. म्हणतेय, अगं, त्याला एकट्याला नाही आवडत —

मेकॅनिकचा हात मागे आला. दोराच्या टोकावर. गाठ अगदी व्यवस्थित बांधलीय, माझीच, एका ओढीत सुट